टारमोचा लाल

वादळाने आडवी केलेली झाडंच ती घ्यायची.
उभ्या झाडाची साल काढणं म्हणजे
थंडीत कुणाचं पांघरूण ओढणं, म्हणायची,
आणि बोथट सुरा माझ्या हातात द्यायची.
बेटावर आल्डर पुष्कळ, दलदलीच्या कडेने.
साल सुटताना ओला, चिकट आवाज येई,
आणि खालचं पांढरं लाकूड बघता बघता शेंदरी होई,
खरचटलेल्या गुडघ्यासारखं.

मी नऊ वर्षांचा. शेजारच्या हेल्योचे डोळे.
तिच्या स्वतःच्या डोळ्यांत दूध साकळलं होतं.
मासळीच्या कारखान्यात तीस वर्षं डबे मोजून
आता तिला उजेड कळे, रंग नाही.

साल तीन दिवस विहिरीच्या पाण्यात.
मग अंगणात हंडा,
तुरटी ती जिभेला लावून बघणार,
कान हंड्याशी नेणार:
"गुणगुणतंय तोवर ठीक.
बडबडायला लागलं की लाकूड मागे ओढ."
लोकर आत जाई, मेंढीचा वास वर येई,
आणि प्रश्न: "टारमो, कसा आहे?"

मी सांगे:
युलोच्या होडीवरच्या गंजासारखा.
कुत्र्याच्या कानामागच्या केसांसारखा.
करपलेल्या राय-पावाच्या कडेसारखा.
ती मान हलवे, हवेत बोटं चोळे,
कापडाचा पोत बघावा तशी.

त्या ऑगस्टात तिला लाल हवा होता.
बहीण येणार होती स्वीडनहून, किती वर्षांनी,
तिच्यासाठी हातमोजे.
राखेचं पाणी घातलं. पुन्हा घातलं.
बंदरावर पोरं पाण्यात उड्या मारत होती,
त्यांचा कालवा अंगणापर्यंत येत होता.
हंड्यातून निघालेली लोकर
पावसात राहिलेल्या गोणपाटासारखी.
"टारमो, कसा आहे?"
"लाल," मी म्हणालो. "लालभडक."
आणि पळालो.

मोजे विणून झाले. बहीण आली,
हातात घातले, टेबलापलीकडून माझ्याकडे बघितलं,
मग म्हणाली, "किती गं लाल!"
दुकानातली लेम्बी म्हणाली लाल.
पाद्रीबुवा म्हणाले, लांबून ओळखू येतात.
लोकरीला वाण लागला नाही,
गुण मात्र गावाला लागला.

परवा तिची खोपी रिकामी करायला गेलो.
फळीवर लोकरीच्या लडी, प्रत्येकीला चिठ्ठी,
आंधळ्या हाताची मोठी, कलती अक्षरं:
आल्डर, तुरटी.
भूर्ज, फक्त आतली साल.
विलो. घाई केली.
आणि सगळ्यात खाली, चिखली रंगाची एक,
कुणी कधी न वापरलेली:
टारमोचा लाल.

चिठ्ठी उलटली.
मागे एवढंच होतं:
राख दमट होती.