दुसरी गाठ

आमचा देश एवढासा,
की नकाशावर त्याचं नाव त्याच्या अंगावर मावत नाही.
समुद्रात छापतात,
आणि तिथून एक बारीक रेघ ओढतात आमच्यापर्यंत.

त्या देशाच्या परराष्ट्र खात्यात, पोटमाळ्यावर,
मी करारांना फीत बांधते.
एकवीस वर्षं झाली.
निळी फीत, तीन भोकं, गाठ मागच्या बाजूला,
गाठीवर लाख, लाखेवर शिक्का.
रादोमिर म्हाताऱ्यानं शिकवलं:
लाख फार तापवू नकोस, कागद करपतो.
थंडही नको, शिक्का उठत नाही.
आणि गाठ एकच.
"दुसरी मारलीस, तर समोरच्याला कळतं
पहिलीवर तुझाच भरवसा नाही.
आपल्याकडे तेल नाही, तोफा नाहीत, झोरित्सा.
आलुबुखार आहेत, आणि ही गाठ."

त्याच्या तरुणपणी म्हणे एका अध्यक्षांनी
दुष्काळात धरण आटलं तरी
शेजाऱ्याला कबूल केलेली वीज दिली,
आणि स्वतः मेणबत्तीवर फायली वाचल्या.
दर हिवाळ्यात तो ही गोष्ट सांगे.
दर हिवाळ्यात मेणबत्त्या कमी होत.
शेवटी शेवटी एकच उरली होती,
तीही अर्धी.

नवे अध्यक्ष सही झोकात करतात.
पेन कॅमेऱ्याला दाखवतात,
मग खिशात घालतात,
पाहुण्यांचं असलं तरी.
गुरुवारी सही केली.
रविवारी चौकातल्या सभेत म्हणाले,
"कागदच तो! कागदाला भितंय कोण?"
चौक खदखदून हसला.
मीही हसले असते कदाचित,
पण बोटांना अजून लाखेचा वास होता.

पुढे काही घडलं नाही.
खरंच, काहीच नाही.
कुणी राजदूत परत बोलावला नाही,
कुणी निषेधाचा खलिता धाडला नाही.
फक्त पुढच्या वेळी पाहुण्यांनी पेनं आपली आणली
आणि जाताना मोजून नेली.
उत्तरेकडच्या एका बाईंनी, फार सभ्य होत्या,
माझी गाठ ओढून पाहिली.
"माफ करा," म्हणाल्या, "सवय."
कधी लागली, ते मी विचारलं नाही.

भाऊ जहाजावर इंजिनीयर.
अँटवर्पच्या बाहेर अकरा दिवस नांगर टाकून,
पोटात आमचेच वाळवलेले आलुबुखार.
बँकेचं पतपत्र होतं, सहीशिक्क्यानिशी.
बंदरातला कारकून म्हणाला, आधी रोख.
"हसला नाही गं," व्लास्तिमिर फोनवर म्हणाला,
"हसला असता तर भांडलो असतो.
त्यानं नुसतं खिडकीतून आपल्या झेंड्याकडे बघितलं,
वाण्यानं उधारी थकलेल्या घरच्या पोराकडे बघावं तसं.
पोराचा राग नसतो ना त्याला.
बाप माहीत असतो."
मग लाइन कटली.
त्याच्याकडे पैसे कमी होते, की शब्द, कळलं नाही.

घरी दूरदर्शनवर अध्यक्ष सांगत होते,
जग आता आपल्याला घाबरतं.
नवरा मान डोलावत होता.
मी आलुबुखाराच्या बिया एका बशीत काढत बसले.

आज एक लहानसा करार आलाय.
नदीवरच्या पुलाचा, टोल कुणी किती घ्यायचा.
पलीकडच्या बायका मंगळवारी आपल्या बाजारात येतात,
अंडी आणतात, लोकर नेतात.
एवढंच आहे त्यात, साडेतीन पानं.
सही झालीय, झोकदार, पानाबाहेर गेलेली.

मी फीत ओवली. गाठ मारली.
लाख तापत होती.
मग दुसरी गाठ मारली.
रादोमिर आठवला, सोडली.
खाली अंगणात पाहुण्यांच्या गाड्या सुरू झाल्या होत्या,
जिन्यावर कुणीतरी माझं नाव घेऊन घाई करत होतं.
फितीवर, जिथून सोडली होती तिथे,
एक सुरकुती राहिलेली.
त्याच सुरकुतीवर
पुन्हा मारली.