उंडो

कोबीच्या पोत्यांमागे बसून तो आला,
चोर्ल्याचा घाट उतरून, बेळगावच्या भाजीच्या टेम्पोतून,
पहाटे साडेचारला, डिचोलीच्या बाजारात.
ड्रायव्हरने सही मागितली.
कसली? म्हटलं.
कुत्रा पोचला म्हणून.

उजव्या कानात हिरव्या शाईत ४७.
गळ्यातल्या चिठ्ठीवर नाव: तुफान मेल.
मागच्या पायाच्या नळीत एक गाठ,
चुकीची जुळलेली.
वय पाच.
जतकडच्या माळावर, म्हणे, पाच म्हणजे संपलं.

वेदांगीने त्याला पुढून पाहिलं, मागून पाहिलं.
बाबा, याचं पोट कुठे गेलं?
रंग मात्र भट्टीतून आत्ताच काढलेल्या उंड्याचा,
म्हणून उंडो.
शेजारची फातिमा हसून हसून कुंपणाला टेकली:
उंडो वाटकुळो आसता गे, ही तर बडी!

आमच्या ओट्याला पायऱ्या तीनच.
त्यांच्यापुढे तो असा थबकला
की मधे जणू नदी आहे आणि होडी गेलीय पलीकडे.
मी वाकून एकेक पाय उचलून ठेवला,
चार पाय, तीन पायऱ्या,
माझी कंबर आणि त्याची थरथर.
वर पोचल्यावर फरशीवर घसरला.
कपाटाच्या आरशातल्या कुत्र्याला
बाजूला होऊन वाट दिली.

सुलक्षा म्हणाली, खाण बंद, ट्रक बंद,
आता हा एक बंद पडलेला आणलात.

ट्रक अंगणातच आहे.
चाकांवर घोसाळ्याचा वेल, केबिनमध्ये कोंबडी अंडी घालते.
चालू होता तेव्हा सगळा हिशेब ट्रिपांचा.
दिवसाला आठ मारल्या तर आपला माणूस,
पाच मारल्या तर उद्या गाडीवर दुसरा.
भरायचा, धक्क्यावर ओतायचा, वळवायचा.
मयेचं तळं वाटेवर होतं.
अकरा वर्षांत मी त्याच्या काठी एकदाही उतरलो नाही.
हे सुलक्षाला कधी सांगितलं नाही.
कुत्र्याला सांगितलं.
तो उघड्या डोळ्यांनी झोपला होता.

सकाळी सहाला आगुश्तीन पदेर येतो सायकलवर.
पों पों.
पहिल्या दिवशी त्या आवाजासरशी उंडो ताठ उभा,
कान मागे, कातडीखाली एकेक दोर ओढलेला;
मोटरसायकलचा हॉर्न वाजला, सशाचं कातडं निघालं,
कमरेला धरलेले हात आता सुटणार.
हात नव्हते.
सुलक्षा बाहेर आली, पाच पोई घेतल्या,
सुट्ट्यांवरून आगुश्तीनशी रोजच्यासारखी भांडली,
आणि एक पोई मोडून, माझ्याकडे न बघता,
त्याच्यापुढे धरली.
घेण्याआधी त्याने मागे वळून पाहिलं,
आणखी कोण कोण धावतंय ते.

दिवाळी झाल्यावर, कापलेल्या शेतात
वेदांगीने पट्टा सोडला.
मी ओरडेपर्यंत बांधावरून एक पिशवी उडाली,
पांढरी, मासळी बाजारातली,
आणि तो गेला.
त्याला धावणं कसं म्हणू?
मधेच कधीतरी चारही पाय एकदम वर होते,
आणि जमीन त्याच्याखालून आपली आपण सरकत होती.
बगळे उठले ते तो गेल्यानंतर.

पिशवी वईला अडकली. त्याने धरली.
जन्मात पहिल्यांदा काहीतरी हाती लागलं असेल.
हुंगली. बांगड्याचा वास.
मग आमच्याकडे पाहिलं:
आता?

आता काही नाही रे, मी म्हणालो,
एवढ्या लांबून त्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात.
तो चालत आला, जरासा लंगडत,
आणि माझ्या गुडघ्याला कुशीने टेकला,
सगळं वजन टाकून.
मी सरकलो असतो तर पडला असता.
डास चावत होते. उभा राहिलो.

पायऱ्या आता तो स्वतः चढतो,
उतरताना अजून कुणीतरी लागतं.
आज भोंपू वाजला तेव्हा
ट्रकच्या सावलीत पडल्या पडल्या
त्याने एक कान उचलला,
आणि थोड्या वेळाने
तोही ठेवून दिला.