वीतभर वायर

मल्लिनाथच्या टपरीत, खारीच्या बरणीशेजारी
ती पडून असते:
वीतभर वायर. एक टोक करवतीनं सरळ कापलेलं,
दुसरं फुटलेलं, झिजल्या कुंच्यासारखं.
कुणी आणून दिली, मल्लिनाथ सांगत नाही.
चहा दहा रुपये. हात लावायचे पैसे नाहीत.

यंदा गड्ड्याच्या जत्रेत तळ्यावरून पाळणे सोडले होते,
बारा पाळणे, प्रत्येकावर एकेक फळ रंगवलेलं.
चौथ्या संध्याकाळी सीताफळ पाण्यात गेलं.
चौघं होती आत. तिघं निघाली.
चौथा नागभूषण, दाजी पेठेतला घड्याळवाला,
त्याच्याकडं माझं एक घड्याळ अजून दुरुस्तीला आहे.

तेव्हापासून गावाला दुसरा विषय नाही.

शफी म्हणतो, ओव्हरलोड.
त्याच्या रिक्षातून आत्ताच सातजण उतरले.
बोर्डातून रिटायर झालेले हळ्ळेसाहेब
पेपरच्या कोऱ्या कडेवर ताण काढतात,
गुणिले दोन, भागिले काहीतरी,
आणि उत्तर आलं की कड फाडून खिशात ठेवतात.
मांजा, म्हणतं कुणी. संक्रांतीचा नायलॉन मांजा.
मांज्यानं लोखंड कापतंय का बे?
गळा कापतोय की.
कोपऱ्यातला म्हातारा म्हणतो,
काठ्या जातात त्या वाटेवर आडवी तार बांधली,
वरून ओलांडता का देवाला?
मग थोडा वेळ कुणी बोलत नाही.
मग कंत्राटदार कुठला, त्याचा मेहुणा कोण,
यावर पुन्हा चहा होतो.

पण जे सगळ्यांना पटतं ते म्हणजे सिद्राम,
बटण दाबणारा पोरगा, एकोणीस वर्षांचा.
मोबाईल बघत होता म्हणे.
ह्यात गणित नाही, देव नाही, मेहुणा नाही.
सिद्राम मैंदर्गीला मावशीकडं आहे,
दाढी वाढवतोय, असंही कळतं.

पहिल्या रात्री मीही म्हणालो होतो: मोबाईल.
मी तिथं नव्हतो.
मी घरी शेंगा फोडत होतो.

एकतीस वर्षं मागावर तुटलेले धागे सांधले मी.
धागा तुटला की मालक ओरडायचा, कुणामुळं?
मी म्हणायचो, तुटला तिथं बघू नका,
बोट ठेवा आणि मागं मागं जा,
फणीतून, वहीतून, पार बीमपर्यंत.
कधी गाठ सापडायची. कधी खळ कमी पडलेली.
कधी काहीच नाही,
आणि मालकाला ते चालायचं नाही.

अंबुबाई येमूल त्या पाळण्यात होती.
तिला रोज कुणीतरी विचारतं: आवाज आला का? हिसका बसला का?
ती म्हणते,
आमचं घर दिसलालतं वरनं.
पत्र्यावर माझी चप्पल होती, एक,
चार महिने हुडकत होते.
पुढचं विचारलं की ती कातर उचलते
आणि विडीचं पान कापायला घेते.

पहिल्याच दिवशी, टपरीत गर्दी व्हायच्या आधी,
मी त्या कुंच्यातल्या तारा मोजल्या होत्या.
काहींची टोकं चकचकीत, त्या संध्याकाळची.
अकरांची काळी, गंजलेली,
केव्हाच तुटून आत गप्प बसलेली.
कुणाला तरी सांगायला हवं होतं.
कमिटीचा पत्ता मी विचारलाही होता,
मग घरात पाहुणे आले, मग लग्न निघालं.

काल पुन्हा हातात घेतली.
दोन महिने सारं गाव तिला चिमटीत धरून बघतंय,
तंबाखूची बोटं, तेलाची बोटं, घामाची.
सगळी टोकं आता एकाच रंगाची आहेत.

काय दिसलं, मल्लिनाथनं विचारलं.
शफीनं बशी खाली ठेवली,
हळ्ळेसाहेबांनी पेन काढलं.