त्या साली पाणी खारट झालं

त्या साली नदीला वरून पाणीच आलं नाही,
तेव्हा समुद्र खाडीत चढत गेला
पार चर्चच्या धक्क्यापर्यंत,
आणि त्याच्यासोबत त्या.

चेसापीकच्या या काठावर
त्यांना एका खाजऱ्या पाल्याचं नाव आहे.
बशीएवढी दुधाळ घुमटी,
खाली फाटक्या लेसच्या झालरी,
आणि मग लांबच लांब धागे,
काही करत नसल्यासारखे.

ऑगस्टचा दुसरा रविवार. बाप्तिस्मा पुढे ढकलायचा का,
डीकन मॉसलींनी विचारलं.
पास्टर म्हणाले,
जॉर्डनमध्येही काहीतरी असणारच.

मग खेकडेवाले सगळे
रविवारच्या पँटी दुमडून उतरले,
हातजाळ्या घेऊन कडं करून उभे राहिले.
लूथर टिल्गमन एकेक उचलून बादलीत टाकत होता,
पुटपुटत होता,
स्तोत्र की शिव्या, ते कळलं नाही.

ओडेसा पाण्यात शिरली
तसा तिचा पांढरा झगा कंबरेभोवती फुगला,
आणि क्षणभर लूथरची जाळी
तिच्याकडेच वळली.

ती बुडाली. वर आली. काठावर टाळ्या.
उजव्या कानाखाली
एक लाल रेघ उठत होती.
ती बोलली नाही कुणाला.
विलेटा मावशीनं घरी नेऊन व्हिनेगर लावलं, म्हणाली,
नुसतं ओलं करून सोडलं नाही तुला,
एवढं खरं.

जानेवारीत ओडेसा कालवं फोडायला लागली,
पत्र्याच्या शेडमध्ये, अकरा बायकांच्या रांगेत,
बोटं बधिर.
एका शिंपल्याच्या खालच्या अंगाला
तपकिरी ठिपके दिसले,
मोहरीहून बारीक, खपलीसारखे घट्ट.
नखानं निघेनात.

हे काय, तिनं विचारलं.
“ऑगस्ट,” हेस्टर म्हणाली
सुरी न थांबवता.

रिकामे शिंपले बाहेर ढिगावर जातात,
वाऱ्याउन्हात वर्षभर वाळतात.
हा तिनं एप्रनच्या खिशात ठेवला.
पाचचा भोंगा झाल्यावर
धक्क्याच्या टोकाशी गेली,
बर्फाची पापडी टाचेनं फोडली
आणि सोडला तो पाण्यात,
होता तसाच, पालथा.

का, ते तिला सांगता आलं नसतं.
हात मानेशी गेला.
रेघ केव्हाच मिटली होती,
बोटाला मात्र जागा
अजून ठाऊक होती.