काटा

इस्पार्तात मे महिन्यात माणसं चारला उठतात.
ऊन चढलं की वास उडून जातो, वजनही,
म्हणून दव आहे तोवर खुडायचं,
पोत्यात भरायचं, दाबायचं नाही.
मी बांधावर, वजनकाट्याशी. आकडे लिहिते.

खादिम बामियानचा, येऊन आठवडा झालेला.
सरीतल्या पिवळ्या मोहरीकडे बोट करून म्हणाला, गुल.
मुकादम रेजाई हसला. ते तण रे.
ग्युल हे, म्हणत त्यानं झुडपात हात घातला
आणि ओरखडा घेऊन बाहेर काढला.
खादिमच्या मुलखात जे उमलेल ते गुल.
इथवर येता येता वाटेत शब्द आटला,
एका झाडापुरता उरला.
शिवाय इथे तोच शब्द हुकमासारखा उच्चारला
तर अर्थ होतो : हस.
हे त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही.

हलबची रहफ सगळ्याच फुलांना वर्द म्हणते.
तिला कोणी दुरुस्त करत नाही,
तिचं पोतं रोज सगळ्यांत जड भरतं.

नऊला चहा.
म्हातारी शाहिंदे ओच्यातल्या पाकळ्या झटकत
पोराची शिकवणी घेते. मोहरी, गुलाब, खसखस,
बांधावरचं ते निळं, ज्याचं नाव तिलाही येत नाही,
सगळी चिचेक. म्हण, चिचेक.
खादिमचा हात पेल्यापाशी जाऊन थांबला.
त्याच्याकडे चेचक म्हणजे देवी,
आजोबांच्या वेळी घरंच्या घरं रिकामी करून गेलेली.
तो गुलाबाकडे बघतो, मग तिच्या गालांकडे,
चाळणी झालेल्या.
म्हातारीला कळलं.
गालावर बोट टेकवून म्हणाली, हेही चिचेक.
पाच वर्षांची होते. अंगभर फुललं.
धाकट्या सत्तारला जरा जास्तच फुललं.
आणि साखर ढवळत राहिली, विरघळून गेल्यावरही.

कुणी कुणाला काय दिलं होतं, आणि पोचलं काय.

तिच्या डाव्या डोळ्यात दुधी ठिपका आहे.
आमच्यात त्याला फूल पडलं म्हणतात,
फांदीवरून पडावं तसं.
हे तिला सांगायचं होतं. माझ्या तुर्कीत तेवढं बळ नाही.
बोट आधी माझ्या डोळ्याकडे नेलं, मग तिच्या,
म्हटलं, चिचेक.

ती म्हणाली, ग्युल.

गुलाब म्हणाली की हस म्हणाली, कळेना.
तेवढ्यात तिचं पोतं काट्यावर आलं.
अकरा किलो चारशे.
दवासकट.