खरवडलेली जागा

मनोऱ्याच्या गोल जिन्याला एकोणसाठ पायऱ्या.
ऑड्री हॉटन त्या ब्याऐंशीव्या वर्षी चढते,
मध्ये दोनदा थांबते,
आणि खिडकीतून मेंढ्या बघत होते म्हणते.

वर, दोरांच्या खोलीत, काळी पाटी:
फेब्रुवारीतला एक शनिवार, अठराशे अठ्ठ्याऐंशी,
तीन तास सात मिनिटं घंटानाद,
पाच हजार चाळीस फेर, एकही चूक नाही.
खाली सोनेरी अक्षरांत सात नावं.
घंटा आठ.
पाचव्या ओळीत नुसतं उघडं लाकूड,
पटाशीचे ओरखडे.

हा कोण, मी विचारलं.
चाळीस वर्षं लॅटिन शिकवलेली बाई
सरळ उत्तर देईल कशी?
म्हणाली, इग्नॉमिनी. फोडून बघ.
आधी 'नाही', मग 'नोमेन', म्हणजे नाव.
रोमन शिपायाला पलटणीतून हाकलताना
हाच शब्द मागे लावत.
नावाचं जुनं रूप होतं 'ग्नोमेन'.
पुढे नावातला ग झिजून गेला,
बदनामीत तेवढा अडकून राहिला.
बघ, म्हणाली, पुसलं तरी काहीतरी उरतंच.

मग दोर गुंडाळता गुंडाळता सांगितलं:
रूबेन प्रॉसर, कुंपणं बांधणारा.
गावातल्या गरिबांनी आठवड्याला पेनी पेनी टाकून
आपापल्या दफनाची सोय केलेली, त्या पेटीतून
चौदा पौंड अकरा शिलिंग.
कशासाठी, ते कोणी विचारलं नाही,
किंवा विचारलं, आणि उत्तर टिकलं नाही.
श्रूजबरीच्या तुरुंगात चार महिने.
तो परत यायच्या आत
पाद्रीबाबांनी सुताराला वर पाठवलं.

आणि तो परत आला. हेच मला कळत नाही.
एकतीस वर्षं इथेच राहिला,
शेवटच्या बाकावर बसला,
जिना कधी चढला नाही.
फक्त रविवारी, घंटा सुरू झाल्या की,
थडग्यांच्या वाटेवर उभा राही
आणि पाचवीची पाळी आली
की त्याचा उजवा हात
कोटाच्या खिशात किंचित खाली ओढला जाई.
ऑड्रीच्या आजीनं पाहिलंय.

मी माझ्या भाषेत चाचपत राहिले.
आमच्याकडे नामुष्की. वाटतं, आहे की त्यात नाव,
पण ते नाव नव्हेच;
नामूस, अब्रू, फारशी वाटेनं आलेली.
बाळाचं नाव ठेवतो आम्ही,
आणि माणसाला नावं ठेवतो.
आणि पोरानं नाव काढलं, असं म्हणतो
तेव्हा पेढे वाटतो.

ऑड्रीला हे सांगितलं.
तिनं ते दोनदा म्हणवून घेतलं,
"नाव काढलं", अडखळत, तिच्या श्रॉपशरी जिभेनं,
आणि इतकी हसली की खोकला आला.
मग पाटीकडे पाहून गप्प.
उरलेली सात नावं मी आत्ता वाचली होती.
एकही आठवत नव्हतं.

सोमवारी सराव असतो.
बेकरीवाल्याची बारा वर्षांची पोरगी, टॅम्झिन,
हल्लीच शिकायला लागली आहे.
हातांना फोड आलेत, ती ते कौतुकानं दाखवते.
कुठला दोर घेऊ, तिनं विचारलं.

रूबेन घे, ऑड्री म्हणाली,
घट्ट धर, पण ओढू नकोस,
तो आपणहून वर जातो.