टाकी

पाटीवर माझं नाव, डॉ. रत्नमाला धोत्रे,
आणि शेजारी रंगाऱ्यानं स्वतःच्या मनानं काढलेली
एक हसणारी दाढ.
दाढेला तोंड कशाला, म्हणून मी भांडले होते त्याच्याशी.
आता राहू दिलीय.

पारोळ्यात बाजाराच्या दिवशी जिना भरून जातो.
चपलांच्या ढिगात कापसाचा पिंजर, एखादी सरकी.
भुराबाई तामसवाडीहून आलेली,
मिश्रीनं काळा पडलेला हिरड्यांचा काठ,
तोंडावरचा पदर हटत नाही.
"सगळा काढी टाक वो माय, कटकट नको."
मी काढत नाही.
भाकर कुठल्या बाजूनं चावता, एवढंच विचारते.
ती विचारात पडते.
साठ वर्षांत हे तिला कुणी विचारलेलं नसतं.

तिच्यामागे जयेश, वय बावीस.
तोंडात माझी दीड बोटं मावतात,
तीन मावायला हवीत.
पुड्या किती, ते मी विचारत नाही, खिसा दिसतोच आहे.
म्हणते, दिवाळीपर्यंत पावणेदोन करू.
तो पुड्यांची माळ काढून टेबलावर ठेवतो,
मोठ्या रुबाबात.
आणि जिन्यावरून परत येतो,
किल्ली राहिली म्हणत.

'दुखणार नाही' असं मी कुणाला सांगत नाही.
तोंड उघडं असलेल्या माणसाला
उलट बोलता येत नाही, त्याच्याशी खोटं काय बोलायचं?
दुखेल, म्हणते. दुखलं की डावा हात वर करा,
मी थांबेन.
थांबते.
काही जण दुखत नसताही हात वर करतात,
खरंच थांबते का ते बघायला.
तेव्हाही थांबते.

हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही.

आम्मा खांद्यावर झोळी टाकून गल्लीगल्ली ओरडत जायची,
"टाकी लावाss, जात्याले टाकीss, पाट्याले टाकीss"
आणि मी मागून, छिन्न्यांच्या पिशवीसकट.
कुणीतरी ओसरीवर जातं उलटवून द्यायचं.
ती लगेच हातोडी उचलायची नाही.
आधी तळवा फिरवायची, सावकाश,
बाळाची टाळू चाचपावी तसा.
"ह्या अंगाला झिजलंय. बाई डावखुरी दिसते."
आणि आतून खरंच एक डावखुरी बाई यायची
पाण्याचा तांब्या घेऊन.
तांब्या वरूनच ओतायची, ओंजळीत.

"जोर नको लावू," आम्मा मला सांगायची,
"दगड तडकला तर तिची सासू तिला खाईल."
कपच्या उडायच्या. मला म्हणायची, डोळे मीट.
स्वतःचे मिटायची नाही.
उजव्या बुबुळावर तिच्या अजून एक पांढरा ठिपका आहे.
माझ्या खुर्चीत बसणाऱ्याला
मी सगळ्यात आधी चष्मा लावते.

धुळ्याला तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं,
घरात कुणी डॉक्टर?
म्हटलं, आई. दळायच्या दाढांची.
त्यांना वाटलं, मी घाबरून काहीतरी बरळले.
पुढचा प्रश्न मुळांच्या संख्येवर होता.

मग घरोघर मिक्सर आला. झोळी खुंटीला गेली.
तोवर आम्माचेही दात गेलेले,
वरचे आधी, मग खालचे.
मागच्या उन्हाळ्यात तिला कवळी करून दिली,
मापं मीच घेतली, तीनदा.
तिनं ती तोंडात घातलीच नाही.
खिडकीशी नेली, उजेडात धरली,
अंगठा फिरवला प्रत्येक दाढेवरून.
"उजवीकडचं हे घर खोल गेलंय.
कुणी मारली टाकी?"

मी कागद चाववून पाहिला.
खोल होतं.

दुरुस्त करून दिली. आता डब्यात असते,
लग्नाकार्याला निघते बाहेर.
कळण्याची भाकर ती अजून
नुसत्या हिरड्यांनीच खाते.
वेळ लागतो. मी बसून राहते.